गावठाणातील वीरगळ आणि कोरीव लेख : स्थानिक स्वयंसेवकांनी काय करावे, काय टाळावे?

साष्टीवासी

नमस्कार मंडळी,

मुंबईच्या उत्तर उपनगरातील एका जुन्या गावठाणाला लागून आमची वसाहत आहे. गावदेवीच्या देवळामागे पिंपळाचा पार आहे आणि त्या पाराला टेकून दोन कोरीव दगड उभे आहेत. पहिला नक्कीच वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड आहे. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेले वीर, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, असे तीन टप्पे स्पष्ट दिसतात. दुसरा दगड अर्धा जमिनीत गाडलेला आहे. त्याच्या माथ्यावर चंद्र-सूर्य आहेत, खाली काही ओळी कोरलेल्या वाटतात, परंतु शेंदराच्या जाड थरामुळे एकही अक्षर लागत नाही.

गावठाणातील काही जुनी मंडळी आणि आमच्या इमारतींतील काही रहिवासी यांनी मिळून गेल्या वर्षी पाराची स्वच्छता सुरू केली. कचरा हटला, दगडाला टेकवून दुचाकी उभ्या करणे थांबले. आता एका दानशूर गृहस्थांनी मोठी रक्कम देऊ केली आहे. त्यांची इच्छा अशी की, दोन्ही दगडांभोवती ग्रॅनाइटचा चौथरा बांधावा, वर छप्पर घालावे, स्टीलचे कठडे लावावेत आणि मूर्ती उठून दिसाव्यात म्हणून त्यांना तैलरंग द्यावा. शेंदूर काढण्यासाठी आम्ल वापरावे, असेही एकाने सुचवले. उलटपक्षी काहींचे म्हणणे असे की, दगड सरळ संग्रहालयाच्या स्वाधीन करून मोकळे व्हावे.

सुटी मिळाली की आपण उपनगरांतील माणसे रायगड-राजगड गाठतो, आणि ते योग्यच आहे. परंतु कान्हेरी, कोंडिविटे, जोगेश्वरी, मंडपेश्वर ही लेणी ज्या साष्टी बेटावर आहेत, त्याच बेटावर आपण रोज राहतो, याची जाणीव आपल्याला फार थोडी असते. लेण्यांना निदान फलक आणि पहारेकरी तरी आहे. पारावरच्या दगडाला शेजाऱ्यांशिवाय कोणी नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून विचारतो : आमच्यासारख्या अप्रशिक्षित लोकांनी आधी काय करावे, नंतर काय करावे आणि कशाला हातच लावू नये?

वसईकर

साष्टीवासी, सर्वप्रथम त्या गृहस्थांना हात जोडून थांबवा. त्यांची भावना चांगली आहे, तेव्हा दुखवू नका; पण काम सुरू होऊ देऊ नका. तैलरंग एकदा दगडाच्या रंध्रांत बसला की मूळ पृष्ठभाग परत मिळणे फार अवघड होते.

आमच्याकडे वसईच्या किल्ल्यात अनेक वर्षे स्थानिक तरुण श्रमदान करतात, इतिहासफेऱ्या घेतात. ‘किल्ले वसई मोहीम’ हे नाव तुम्ही ऐकले असेल. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली, एवढे आपल्याला शाळेत शिकवतात. मात्र किल्ल्यातील चर्चच्या फरशीत बसवलेल्या थडग्यांवरचे पोर्तुगीज लेख, तटातील चोरवाटा, जुन्या विहिरी यांची ओळख स्थानिक पोरांनी वर्षानुवर्षे पायी फिरून लोकांना करून दिली. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे तिथे आम्ही एक वीटही आपल्या मनाने हलवत नाही. कचरा, मद्याच्या बाटल्या, भिंतींवर नावे कोरणारे पर्यटक, एवढ्यावर लक्ष ठेवले तरी माणसाचा रविवार पुरत नाही.

लिपीवेडी

माथ्यावर चंद्र-सूर्य, खाली लेख आणि उरलेला भाग जमिनीत, हे वर्णन वाचून मला तो गधेगाळ, म्हणजे शापाचे चित्र असलेला दानलेखाचा दगड, असण्याची दाट शक्यता वाटते. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निश्चित सांगता येणार नाही, पण उत्तर कोकणातील शिलाहार राजघराण्याच्या काळातले असे दगड ठाणे, रायगड, पालघर आणि मुंबईच्या परिसरात बरेच आढळतात. राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने जमीन अथवा उत्पन्न दान दिले की त्याची नोंद दगडावर कोरत. ‘जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान चालावे’ हा वरच्या चिन्हांचा अर्थ. तळाशी दान मोडणाऱ्याला दिलेला शाप चित्रात दाखवलेला असतो. अलिबागजवळच्या अक्षी येथील शके 934 म्हणजे इ. स. 1012 चा लेख आद्य मराठी शिलालेखांत गणला जातो, आणि तोही याच प्रकारचा दगड आहे.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, तुमच्या दगडाचा गाडलेला भाग खणून काढण्याचा मोह तुम्हाला होईल. तो आवरा. शापाचे चित्र खालीच असते. ते असभ्य दिसते म्हणून कोणी पूर्वजांनी मुद्दाम मातीत दडवले असेल, किंवा आजूबाजूची जमीन भर पडून वर आली असेल. यातले नेमके काय घडले, हे भोवतालच्या मातीच्या थरांवरून कळू शकते. पहार लावली की ती माहिती कायमची गेली.

आणखी एक विनंती : अक्षरे दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा हळद भरू नका. रात्री एकाने विजेरी दगडाच्या कडेला अगदी टेकवून तिरका प्रकाश टाकावा आणि दुसऱ्याने समोरून छायाचित्र घ्यावे. प्रकाश चारही बाजूंनी फिरवत दहा-बारा छायाचित्रे घ्या. शेंदराखालीसुद्धा कोरीव रेघांचे उंचवटे-खोलवे यातून उमटतात. शेजारी मोजपट्टी ठेवायला विसरू नका.

चुनखडी

मी जुन्या इमारतींच्या जतनाचे काम करतो, त्यामुळे फक्त साहित्याविषयी लिहितो.

आम्ल : मुळीच नको. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्याला काही होत नाही, असा गैरसमज आहे. आठ-नऊशे पावसाळे झेललेल्या दगडाचा वरचा पापुद्रा आधीच कमकुवत झालेला असतो. आम्लाने शेंदूर निघेल, त्याबरोबर तो पापुद्राही निघेल आणि त्यासोबत अक्षरे. तारेचा घासणी-ब्रश, उच्च दाबाचा पाण्याचा फवारा, भांडी घासायची पूड यांनाही हेच लागू. शेंदराचे थर काढणे हे प्रशिक्षित रसायनतज्ज्ञाचे काम आहे.

ग्रॅनाइट आणि सिमेंटचा चौथरा : दगडाच्या पायथ्याशी सिमेंट ओतले की जमिनीतील ओल बाजूने बाहेर पडू शकत नाही. ती दगडातूनच वर चढते, बाष्प होऊन उडून जाते आणि सोबत आणलेले क्षार पृष्ठभागाखाली साठवते. ते क्षार फुगले की दगडाच्या खपल्या पडतात. सिमेंटमध्ये स्वतःचेही क्षार असतात, ती आणखी एक भर. जिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे ही प्रक्रिया किती वेगाने होईल याचा विचार करा. पाराचे जुने दगड सुटले असतील तर ते चुन्यातच बसवावेत. चुना ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो.

छप्पर वाईट नाही, पण त्याचे पाणी कुठे पडते ते पाहा. मी एका ठिकाणी असे पाहिले आहे की, छपराची पन्हळ नेमकी वीरगळाच्या मागे सोडलेली होती आणि पूर्वी चार महिने सर्व बाजूंनी भिजणारा दगड आता एकाच जागी धारेखाली झिजत होता. तुमच्या पाराला सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे पाण्याचा निचरा : जमिनीचा उतार दगडापासून बाहेरच्या दिशेने हवा. तोही दगडाच्या बुडाशी न खणता, थोड्या अंतरावर चर काढून साधता येतो. देणगीचा खरा विनियोग इथे आहे, पण त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी शोभून दिसत नाही, ही अडचण मी अनेक ठिकाणी अनुभवली आहे.

पिंपळपान

चुनखडी, आणि पिंपळाच्या मुळांचे काय? आमच्याकडे एका जुन्या विहिरीच्या कठड्यात पिंपळ उगवला आहे. तो दरवर्षी छाटतो आणि दरवर्षी तो दुप्पट फुटतो.

चुनखडी

छाटल्याने मुळे बळावतात. रोप बोटाएवढे असतानाच, पावसाळ्यानंतर सांधा ओला असताना, मुळासकट हलक्या हाताने काढावे आणि लगेच तो सांधा चुन्याने भरावा. मूळ मनगटाएवढे जाड झाले असेल तर ओढू नका; बहुधा तेच आता दगडांना धरून असते. अशा वेळी जाणकाराला दाखवून टप्प्याटप्प्याने मारावे लागते. साष्टीवासींच्या पाराचा पिंपळ मात्र पाराचाच आहे. तो तोडण्याचा विचार कोणी करू नये.

बोरिवलीकर

धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. उपनगरातील वीरगळांचा विषय निघाला की एक्सरचे नाव आलेच पाहिजे. बोरिवली पश्चिमेच्या या गावात सहा मोठ्या वीरगळांची ओळ असल्याची नोंद 1882 च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. त्यांतील काहींवर आरमारी युद्ध कोरलेले आहे. भारतीय शिल्पात ही गोष्ट अत्यंत दुर्मीळ. एका पट्ट्यात वल्ह्यांच्या रांगा लावलेली जहाजे एकापाठोपाठ एक येताना दिसतात. वल्ही इतकी नेमकी कोरली आहेत की बोट ठेवून मोजावीत. वरच्या पट्ट्यांत युद्धाची गर्दी, त्यावर स्वर्गारोहण आणि शेवटी कैलासातले शिवपूजन. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात सुमारे 1265 मध्ये झालेल्या सागरी लढाईशी अनेक अभ्यासक हे वीरगळ जोडतात. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा सोमेश्वराने समुद्रातला वडवानल पत्करला, अशा अर्थाचे वर्णन महादेवाचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीत येते.

एवढी मोलाची वस्तू, आणि बोरिवलीत जन्म काढलेल्या दहा जणांना विचारा : नऊ जणांना ठाऊक नसते. माझ्या मते स्वयंसेवकांचे पहिले काम दगड साफ करणे नसून शेजारी जागे करणे हे आहे. आम्ही काही मित्र जवळच्या शाळांतील मुलांना तिथे नेतो. मुलांना सनावळी सांगत नाही. जहाजे शोधा, वल्ही मोजा, हत्ती कुठे दिसतो का पाहा, असे सांगतो. ती मुले घरी जाऊन आईवडिलांना घेऊन येतात.

मंडपेश्वरलाही हेच करता येते. शैव लेणे, त्यातले नटराजाचे शिल्प, पुढे पोर्तुगीज काळात त्या लेण्याचे झालेले चर्च, भिंतीवर कोरलेला क्रूस, आणि माथ्यावर फ्रान्सिस्कन मठाचे अवशेष : सगळे एकाच टेकडीवर आहे. एका बाजूचा इतिहास सांगून दुसऱ्या बाजूचा गाळायचा, असे स्थानिक मार्गदर्शकाने करू नये. टेकडीच्या आसपास दोन्ही बाजूंचे वारसदार राहतात.

गावठाणातला

मी जन्मापासून गावठाणात राहतो. आमचे घराणे ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातले, घरात आमची बोली मराठीच. वरील प्रतिसाद मनापासून आवडले, पण एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे.

तुम्ही इमारतींतील मंडळी ज्याला ‘वारसा’ म्हणता, ते आमचे घर आहे. माझे घर शंभर वर्षांहून जुने, सागवानी खांबांचे, मंगळुरी कौलांचे, पुढे ओटी. येणारे जाणारे छायाचित्रे काढतात आणि ‘हे पाडू नका हं’ असे सांगून जातात. कौले दरवर्षी चाळावी लागतात. चाळणारी माणसे आता मिळत नाहीत. वाशाला वाळवी लागली. मिळकत पत्रिकेवर चुलत्यांची, आत्यांची नावे धरून बरेच वारस आहेत. त्यांतले काही परदेशी आहेत आणि दुरुस्तीसाठी सगळ्यांच्या सह्या जमवता जमवता पावसाळा येतो. पलीकडे विकासक रोख रक्कम घेऊन उभा. अशा वेळी वारसाप्रेमी मंडळींपैकी कोणी कौले चाळायला येत नाही.

आमच्या नाक्यावर एक क्रूस आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा साष्टीतल्या गावागावांत असे क्रूस उभे राहिले. आजही मे महिन्यात सारा गाव तिथे जमतो, माळा म्हणतो, हरभरे वाटतो. रस्तारुंदीच्या नोटिशीत त्याची गणना ‘अडथळा’ म्हणून झाली, तेव्हा आम्ही घराघरांतून जुनी छायाचित्रे आणि धर्मग्रामाच्या नोंदवहीतील उल्लेख गोळा केले आणि तो खाजगी जागेत असल्याचे दाखवून दिले. जतन झाले ते कागदामुळे आणि रोजच्या वापरामुळे. साष्टीवासी, तुमच्या पारावर गावठाणातील बायका पूजा करतात का? करत असतील तर त्यांना विचारल्याशिवाय एकही ठराव करू नका.

नियमावली

गावठाणातला यांचे म्हणणे योग्य आहे. कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण धाग्यात दोन-तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होत आहेत.

केंद्रीय संरक्षित स्मारकांना (वसई, कान्हेरी, कोंडिविटे, जोगेश्वरी, मंडपेश्वर, अंबरनाथ) 1958 चा कायदा लागू आहे. 2010 च्या दुरुस्तीनुसार स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई आणि त्यापुढील 200 मीटरमध्ये परवानगीने बांधकाम. राज्य संरक्षित स्मारकांसाठी 1960 चा राज्याचा कायदा आहे, आणि ‘महाराष्ट्र वैभव’ ही संगोपन योजना त्यांच्यापुरतीच आहे. मुंबईतील वारसा इमारती आणि परिसर यांची श्रेणीनिहाय यादी 1995 च्या नियमावलीने आली. ती महापालिकेच्या कक्षेत येते.

तुमचा पारावरचा दगड बहुधा यांपैकी कशातच नाही, म्हणजे तो असंरक्षित आहे. पण असंरक्षित याचा अर्थ बेवारस असा नाही. शंभर वर्षांहून जुने शिल्प 1972 च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरते. त्याची विक्री, निर्यात वगैरेंवर बंधने आहेत. जमिनीत काही सापडले आणि त्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे 1878 च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. दहा रुपये वाचून आज नवल वाटते, परंतु कायदा तोच आहे. म्हणून खणू नका, हे लिपीवेडी यांचे सांगणे कायद्यानेही बरोबर आहे.

गावठाणातला

शंभर मीटरचा विषय काढलात म्हणून विचारतो. जोगेश्वरीच्या लेण्यावर आणि भोवती दाटलेल्या वस्तीतील माणसाने काय करायचे? त्याला लेण्याविषयी आपुलकी कशी वाटणार? त्याच्या दृष्टीने ते लेणे म्हणजे गळके छप्पर बदलू न देणारी सरकारी हद्द. स्वयंसेवक तिथे झाडू घेऊन गेले तर लोक त्यांना खात्याची माणसे समजून दार लावतात. हे मी पाहिले आहे.

नियमावली

प्रश्न खरा आहे. दुरुस्ती आणि नवे बांधकाम यांत कायदा फरक करतो : 16 जून 1992 पूर्वीच्या बांधकामाची, किंवा त्यानंतर रीतसर परवानगीने झालेल्या बांधकामाची दुरुस्ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीने करता येते. अडचण अशी की, ही गोष्ट रहिवाशाला कोणी नीट सांगत नाही आणि अर्जाची भाषा त्याला परकी वाटते. मला वाटते, स्मारकाभोवती काम करणाऱ्या गटाने झाडूबरोबर अर्ज भरण्याचे टेबलही मांडावे. आठ घरांचे दुरुस्तीअर्ज मार्गी लावले तर ती आठ घरे लेण्याची राखणदार होतील. वस्तीच मुळात अनधिकृत असेल तिथे मात्र हा उपाय चालत नाही. तिथे पुनर्वसनाशिवाय गत्यंतर नाही आणि ते स्वयंसेवकांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

अंबरनाथकर

पूजेच्या मुद्द्यावर आमचा अनुभव लिहिते. अंबरनाथचे शिवमंदिर शके 982, म्हणजे इ. स. 1060 चे. मुम्मुणी शिलाहाराच्या काळातील लेख तिथेच आहे. ते जितेजागते देऊळ आहे : महाशिवरात्रीला रांग कुठल्या कुठे जाते. नऊशेहून अधिक वर्षांचे शिखरविहीन कोरीव मंदिर आणि त्यात रोजची पूजा, या दोन्ही गोष्टी सांभाळायच्या तर भाविकांना शत्रू मानून चालत नाही. बाहेरील भिंतींवरच्या मूर्तींना कुंकू-तेल लावू नये, हे फलक लावून जितके साधत नाही, तितके देवळात नेमाने येणाऱ्या चार आजीबाईंनी हटकल्याने साधते. नवख्या माणसाने हटकले तर भांडण होते.

आमची मोठी चिंता वेगळी आहे. देवळाला लागून वाहणारी वालधुनी नदी कारखान्यांच्या आणि वस्तीच्या सांडपाण्याने काळवंडली आहे. शिल्पे जपायची आणि शेजारची नदी सोडून द्यायची, हे मला पटत नाही. देवळाची जागा नदीकाठ पाहूनच निवडलेली आहे. त्यामुळे उपनगरातील जतनकार्याने तळी, विहिरी, ओढे हेही आपले मानावे.

मोजपट्टी

अंबरनाथकर ताईंशी पूर्ण सहमत. अंधेरीचा गिल्बर्ट हिलही याच माळेतला. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, जवळपास 60 मीटर उंचीचा उभा खडक. भोवतीच्या खाणींनी तो चहूबाजूंनी कुरतडला. 2007 मध्ये त्याला महापालिकेने वारसा दर्जा दिला. माणसाने घडवलेले नाही म्हणून तो ऐतिहासिक स्थळांच्या गणतीतून सुटता कामा नये.

साष्टीवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रतिसाद आमच्या गटात मोठ्याने वाचून दाखवले. देणगीदार गृहस्थही हजर होते. चुनखडी यांचा क्षारांविषयीचा परिच्छेद ऐकल्यावर त्यांनी स्वतःच ग्रॅनाइटचा आग्रह सोडला आणि निचऱ्याच्या चराचा खर्च उचलण्याचे मान्य केले. नावाची पाटी नको, असेही ते म्हणाले.

गावठाणातला, तुमच्या सांगण्यावरून पारावर नेमाने पूजा करणाऱ्या दोन वयस्कर भगिनींशी बोललो. खरे तर त्यांनीच आम्हाला बसवून सांगितले. त्यांच्या सासूबाई सांगत की, हा दगड ‘वेशीचा धनी’ आहे. गावाची हद्द तिथे संपत असे आणि लग्नाचे वऱ्हाड तिथे नारळ वाढवल्याशिवाय पुढे जात नसे. यातील एक शब्दही कुठे लिहिलेला नव्हता. शेंदूर थांबवावा का, असे विचारताना आम्ही अवघडलो होतो. त्या म्हणाल्या, धन्याला शेंदूर चुकवता येत नाही, पण पायथ्याशी एक तांदळा (पूजेचा गोल दगड) ठेवून त्याला लावला तर चालेल, गुरवाला विचारून घेऊ. गुरवांनी होकार दिला आहे.

संग्रहालयाचा प्रश्न अजून मिटलेला नाही. गटातील दोघांना अजूनही वाटते की, चोरी झाली किंवा एखाद्या रात्री पुनर्विकासाच्या ट्रकने धडक दिली तर पश्चात्ताप करण्यापेक्षा दगड सुरक्षित ठिकाणी गेलेला बरा.

सोपारेकर

संग्रहालयाविषयी सोपाऱ्याचे उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलते. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी आमच्याकडच्या ‘बुरूड राजाच्या कोटा’चे उत्खनन केले आणि तो बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. आतील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि कांस्याच्या आठ बुद्धमूर्ती मिळाल्या. त्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या, म्हणूनच आज शिल्लक आहेत, हे मान्य केले पाहिजे. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा त्याच सुमारास मिळाला आणि नवव्याचा 1956 मध्ये भुईगावला. ते मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

परंतु आज नालासोपाऱ्याच्या स्थानकावर उतरणाऱ्या लाखभर माणसांपैकी किती जणांना ठाऊक आहे की, आपण सम्राट अशोकाच्या आज्ञा ज्या बंदरात कोरल्या गेल्या त्या शूर्पारकात राहतो? स्तूपाचा परिसर स्थानिक लोक जपतात, बुद्धपौर्णिमेला गर्दी होते. पण वस्तू गावाबाहेर गेल्या आणि गावात त्यांची एक प्रतिकृतीही फार काळ नव्हती. सुट्या, हलवता येणाऱ्या वस्तूंना संग्रहालय हवेच. दानलेखाचा दगड मात्र ज्या जमिनीचे दान सांगतो, त्याच जमिनीवर उभा असतो. तो तुमच्या गावाचा पहिला सातबाराच आहे. वेशीवरून उचलला की त्यातील निम्मा मजकूर हरवला. त्या भगिनींनी सांगितलेली वऱ्हाडाची प्रथा ही त्याच मजकुराची पुढची ओळ आहे, असे मला वाटते.

वसईकर

सोपारेकर यांना अनुमोदन. चोरीची भीती असेल तर नोंद हाच सर्वांत मोठा पहारा. ज्या दगडाची छायाचित्रे, मापे आणि नेमके ठिकाण चार सरकारी कार्यालयांत नोंदवलेले आहे, तो विकणे कठीण असते. ट्रकच्या धडकेसाठी रस्त्याच्या बाजूला दोन दगडी खुंट पुरेत.

आणि एक गोष्ट अनुभवातून सांगतो. असे गट पहिल्या उत्साहानंतर दोन-तीन माणसांवर येऊन थांबतात. त्यांची बदली झाली, आजारपण आले की काम संपते. म्हणून सगळी माहिती एकाच्या भ्रमणध्वनीत राहू देऊ नका. एक साधी वही करा : कोणत्या तारखेला दगडाची स्थिती काय होती, नवीन भेग दिसली का, पावसाचे पाणी कुठे साचले. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर त्याच जागेवरून, त्याच अंतरावरून छायाचित्र घ्या. दगडाची झीज डोळ्याला दिसत नाही, दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की दिसते. वही देवळात ठेवा आणि तिची प्रत ग्रंथालयात द्या.

बोरिवलीकर

वहीची कल्पना एक्सरसाठी आम्हीही उचलतो. धन्यवाद.

पिंपळपान

साष्टीवासी, पत्र नेमके कोणाला लिहिणार आहात? आमच्या विहिरीसाठी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात दिलेला अर्ज ‘हा विषय या कार्यालयाशी संबंधित नाही’ या शेऱ्यासह परत आला.

नियमावली

एकाच पत्राच्या प्रती एकाच दिवशी पाठवाव्यात आणि प्रत्येक प्रतीवर बाकीच्यांची नावे लिहावीत. मुख्य पत्र राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला, सेंट जॉर्ज किल्ल्यातील मुख्यालयात. प्रती उपनगर जिल्हाधिकारी, महापालिकेचे प्रभाग कार्यालय आणि वारसा समिती यांना. आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नये. महिन्याभरात उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात फक्त एवढेच विचारावे की, अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर कोणती कार्यवाही झाली. पत्रात मागणी एकच ठेवा : पाहणी करून नोंद घ्यावी. संरक्षण, निधी, सुशोभीकरण अशा पाच मागण्या एकत्र केल्या की पत्र पाच टेबलांवर फिरते.

लिपीवेडी

पत्रासोबत विजेरीच्या प्रकाशातली छायाचित्रे जोडा, आणि दोन्ही भगिनींनी सांगितलेली माहिती त्यांच्याच शब्दांत, त्यांची संमती घेऊन, वेगळ्या कागदावर लिहा. वऱ्हाडाच्या वेळी कोणत्या बाजूने नारळ वाढवत, वेशीची दुसरी खूण कुठे होती, हेही विचारून ठेवा. अशा दगडांच्या जोड्या असू शकतात. गावाच्या दुसऱ्या हद्दीवर, एखाद्या इमारतीच्या कुंपणात किंवा गटाराच्या कडेला, दुसरा दगड अजून उभा असण्याची शक्यता आहे.

ठसा घेण्याची घाई मात्र करू नका. ओला कागद दगडावर बसवून ब्रशने ठोकावा लागतो आणि खिळखिळ्या पृष्ठभागावर ते धोक्याचे ठरते. आधी खात्याच्या माणसाला दगड पाहू द्या.

साष्टीवासी

दुसऱ्या दगडाचा विचार आमच्या डोक्यातही आला नव्हता. जुना नगरभूमापन नकाशा मिळवण्यासाठी उद्याच अर्ज करतो. गावठाणाची हद्द त्यावर असणारच. पत्राचा मसुदा तयार झाला की इथेच टाकतो, नियमावली यांनी कृपया नजर घालावी. चुनखडी, चराची खोली आणि दगडापासूनचे अंतर किती ठेवावे, हे जागा पाहून सांगू शकाल का? पावसाळ्यापूर्वी ते काम व्हावे अशी इच्छा आहे.

चुनखडी

येतो. पुढच्या रविवारी सकाळी ठीक आहे. तोवर पाराभोवती एक बादली पाणी ओतून ते कुठे वाहते आणि कुठे मुरते, याची खडूने जमिनीवर खूण करून ठेवा. दगडावर नव्हे.